ताकदीच्या गोळ्या

गेल्या महिन्यात ओळखीतली एक मुलगी घरी आली होती. लग्न ठरलेलं, हातात पत्रिकांचा गठ्ठा. तिची आई बाहेर बोलत बसली, तशी ही माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आली आणि हळूच म्हणाली, "मावशी, सासरी गोळ्या कसल्या म्हणून सांगू?"

तिला माझाच आजार आहे. फिटचा. पुस्तकात त्याला अपस्मार म्हणतात, आमच्या गावाकडे मिरगी म्हणतात, आणि माझ्या सासरी पहिली दोन वर्षं त्याला काहीच म्हणत नव्हते, कारण तो मला आहे हे तिथं कुणाला ठाऊकच नव्हतं. त्या मुलीला मी चहा दिला, बिस्किटं दिली, पण उत्तर काही धड देता आलं नाही. ऐन वेळी दातखीळ बसण्याची मला जुनी खोड आहे. त्या खोडीपायीच जे झालं ते झालं. म्हणून लिहून काढते आहे.

प्रार्थनेची रांग

पहिली फिट नववीत आली. आमच्या गावच्या, असोद्याच्या शाळेत सकाळी प्रार्थनेला उभी होते. पुढचं आठवत नाही. शुद्धीवर आले तेव्हा नाकाला कुणाची तरी चप्पल लावलेली होती आणि भोवती अख्खी शाळा. चप्पल कुणाची होती ते आजवर कळलं नाही, वास मात्र विसरले नाही.

नंतर गंडेदोरे झाले, एका भगताकडच्या तीन खेपा झाल्या. शेवटी आबा मला जळगावला मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. आबा म्हणजे माझे वडील. केळीच्या बागेत राबणारा माणूस, डॉक्टरांच्या खुर्चीवर टेकायलाही बिचकत होते. डॉक्टरांनी सांगितलं, हा डोक्याचा आजार आहे, वेड नव्हे, बाहेरचं काही नव्हे. दिवसाला दोन गोळ्या, एकही चुकवायची नाही. मग आबांकडे वळून म्हणाले, "लग्न कराल तेव्हा जावयाला सांगा. आणि हिला दिवस गेले की लगेच माझ्याकडे आणा. गोळ्यांचं तेव्हा नीट बघावं लागेल."

आबांनी मान डोलावली. बाहेर आल्यावर मला उसाचा रस पाजला आणि रस पिता पिता म्हणाले, "पोरी, कोन्हाले काही सांगजो नको. कोन्ही इचारलं त सांगजो, ताकदीच्या गोया आहेत."

पहिले पंधरा दिवस मी नुसती झोपत होते. बाकावर मान पडायची. तोंडात घास तसाच राहायचा, आई हलवून म्हणायची, "गिय ना वं." मग अंगाला सवय झाली आणि फिट थांबल्या. ही झोप वाचणाऱ्यानं लक्षात ठेवावी, पुढं ती पुन्हा येणार आहे.

बाटली

लग्न करून मी धुळ्याला देवपुरात आले. हे शाळेत क्लार्क. घरात सासूबाई, त्यांना सगळे अक्का म्हणायचे. थोरले दीर आणि त्यांची बायको मंगलताई, त्यांचा एक मुलगा. सासरे नव्हते. माणसं वाईट असती तर मला आज लिहायला सोपं गेलं असतं. पण माणसं चांगली होती.

आबा दर महिन्याला एसटीनं यायचे. एका हातात केळीचा घड, दुसऱ्या हातात पिशवी, पिशवीत तपकिरी काचेची बाटली. जळगावहून घेतलेल्या गोळ्या पाकिटातून सोडवून ते त्या बाटलीत भरायचे. बाटलीवर आधीच्या टॉनिकच्या गोळ्यांची चिठ्ठी तशीच होती, तिच्यावर दंड फुगवलेला माणूस. आबांना वाटे, झाकली मूठ सव्वा लाखाची.

अक्कांना त्याचं केवढं कौतुक. गल्लीत सांगायच्या, "आमना व्याही दर महिन्याले पोरना करता ताकदन्या गोया लई येतस. असा बाप दखाडा बरं कोठे." मी खाली मान घालून तांदूळ निवडत राहायची. लोकांना वाटायचं, पोर लाजते आहे.

बाटली स्वयंपाकघरातल्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी असायची. लपवली असती तर संशय आला असता. ताकदीच्या गोळ्या कुणी लपवतं का?

गुणाची पोर

लग्नाला दोन वर्षं होत आली तेव्हा मंगलताई बाळंत झाली. तिला आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच. मुलगी झाली. बारशाला वैशाली नाव ठेवलं आणि त्याच संध्याकाळी तिची वैशू झाली. मंगलताईच्या अंगावरून बरंच गेलं होतं. उठली की डोळ्यांपुढं अंधारी यायची.

बारशाच्या दुसऱ्या दिवशी अक्का फळीजवळ उभ्या राहून म्हणाल्या, "तुन्या गोयास्मान्या मंगलले बी देत जाऊ का? दखं ना, तोंड कसं उतरी जायेल शे."

मी म्हटलं, "त्या मले मोजून देल्या आहेत, अक्का."

"ताकद काय कोनी मोजीसन देस का?" अक्का हसल्या. पण शेजारच्या दोघी बसलेल्या होत्या, त्यांच्यासमोर त्यांना ते लागलं असावं. "तुना बापले मी सांगसू, पुढला महिनाले दोन बाटल्या लई येजो."

तिथं मला बोलायला हवं होतं. निदान 'या गोळ्या बाळंतिणीला चालत नाहीत' एवढं तरी. पण तसं म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, का चालत नाहीत? मनात आलं, दोन-चार गोळ्यांनी काय होतंय. मीही खातेच की रोज. मी म्हटलं, "द्या ना." हे दोन शब्द मी माझ्या तोंडानं बोलले आहे, हे इथं स्पष्ट लिहून ठेवते.

अक्कांच्या हातात नियम होता. सकाळी डिंकाच्या लाडवासोबत एक गोळी, संध्याकाळी खिरीसोबत एक. बाटली भराभर खाली जाताना मला दिसत होती. माझ्या गोळ्या पुरणार नाहीत म्हणून मी एकच घेऊ लागले. तेव्हाही काळजी कसली, तर आपल्याला फिट येऊन बिंग फुटेल याची. मंगलताईला झोप यायला लागली तर बायका म्हणाल्या, बाळंतिणीला झोप हवीच, झोपेनं दूध येतं. वैशू रडेनाशी झाली तर गल्लीभर नाव झालं. अक्का सगळ्यांना सांगायच्या, "कितली गुणनी पोर शे. रडतच नही." पाळण्याशी येऊन बायका तिचं कौतुक करून जायच्या, अक्का मागून मीठमोहऱ्या ओवाळायच्या.

आठदहा दिवस असेच गेले. एका सकाळी मी मंगलताईला शेपूची भाजी नि भाकरी घेऊन गेले. ती बाजेवर बसून वैशूचा गाल बोटानं हलवत होती. "वैशू दूधच वढत नही वं. दोन घोट लेस आनि निजी जास."

मी वाकून पाहिलं. मूल तोंडात दूध धरून झोपलं होतं. ते गिळत नव्हतं, ओठाच्या कडेनं गळत होतं. ती झोप मी ओळखली. नववीच्या वर्गात बाकावर डोकं टेकून मी तीच झोप झोपले होते. आईनं खाल्लेली गोळी दुधात उतरते हे मला कुणी शिकवलं नव्हतं, पण त्या क्षणी मला ते पुरतं कळलं.

मग मी काय केलं? स्वयंपाकघरात गेले, बाटली उचलली आणि माझ्या ट्रंकेत लुगड्यांखाली घातली. अक्कांना सांगितलं, गोळ्या संपल्या. मला वाटलं, देणं थांबलं की झालं, आता पोर आपोआप जागी होईल. त्या दिवशी जागी झाली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दोन दिवस मी दर घटकेला कसल्या ना कसल्या निमित्तानं पाळण्यात डोकावत होते, आणि तोंड उघडत नव्हते. त्या दोन दिवसांत मी देवाशी जितकं बोलले, त्याच्या शंभराव्या हिश्शानं माणसांशी बोलले असते तर पुरलं असतं.

दवाखाना

तिसऱ्या दिवशी सकाळी वैशू उठवून उठेना. हात उचलला की पडायचा. दिरांनी रिक्षा आणली. मंगलताई, अक्का आणि पिशवी धरायला मी, असे आम्ही लहान मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो. लगेच भरती केलं. काचेच्या पेटीजवळ नर्सनं वजन केलं. जन्माच्या वेळेपेक्षाही कमी भरलं.

डॉक्टरांनी विचारलं, "आईला काही औषधं चालू आहेत?"

"काहीच नही," अक्का म्हणाल्या. "ताकदन्या गोया फक्त. त्याबी संपी ग्यात."

डॉक्टरांनी मान हलवली. ताकदीच्या गोळ्या म्हटल्यावर कोण पुढं विचारणार? ते दिरांना म्हणाले, "मेंदूला ताप चढला असावा असं वाटतंय. पाठीत सुई घालून पाणी काढून बघावं लागेल. इथं सही करा."

दीर सही करायला वाकले. नर्स वैशूचं झबलं सोडत होती. तिच्या पाठीचे मणी दिसत होते, एकूण एक, मोजता येतील असे. तेव्हा माझी दातखीळ सुटली. मी म्हटलं, "थांबा. त्या ताकदीच्या नाहीत. माझ्या फिटच्या गोळ्या आहेत."

कुणी ओरडलं नाही. मला वाटत होतं अक्का मारतील. त्या बाकावर बसल्या आणि आपल्याच तळहाताकडे बघत राहिल्या. "मी मन्हा हातवरी दिध्यात वं त्या गोया," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

डॉक्टरांनी गोळीचं नाव विचारलं, रोज किती, किती दिवस, बंद कधी केल्या. सगळं लिहून घेतलं. सुई बाजूला ठेवली. मग मला व्हरांड्यात बोलावून म्हणाले, "गोळी वाईट नाही. तुमच्यासाठी ती गरजेची आहे. दुसऱ्याच्या पोटात गेली, तिथून एवढ्याशा जीवात गेली, म्हणून हे झालं. अंगातून उतरायला तिला दिवस लागतात." आत वळता वळता म्हणाले, "परवा सांगितलं असतं तर पोरगी इतकी खालावली नसती."

ते रागानं बोलले नाहीत. रागानं बोलले असते तर मी विसरले असते.

लिंबाचं झाड

आठ दिवस आम्ही तिथं होतो. दर दोन तासांनी नर्स नळीतून, नंतर चमच्यानं, वरचं दूध घालायची. श्वास मोजायची. आईचं दूध आठवडाभर बंद. मंगलताईला सांगितलं होतं, दाबून काढत राहा, नाहीतर आटेल. ती पितळेच्या वाटीत दूध काढायची. बाईचं दूध पायदळी पडू नये असं अक्कांचं म्हणणं, म्हणून वाटी घेऊन मी अंगणातल्या लिंबाच्या बुंध्याशी जायची आणि ओतायची. दिवसातून पाच-सहा वेळा. पोर आत चमच्यानं पावडरचं दूध पितेय आणि तिच्या आईचं दूध मी मुळाशी ओततेय. ती वाटी मंगलताई माझ्या हातात द्यायची, पण माझ्याकडे बघायची नाही.

चौथ्या दिवशी दुपारी वैशू रडली. आधी किरकिर, मग चांगलं भोकाड. वॉर्डातल्या दुसऱ्या बायका कानावर हात ठेवून हसल्या. अक्कांनी डोळ्याला पदर लावला. मंगलताईनं तिला उचलून छातीशी धरलं आणि ती गप्प होऊ नये म्हणून तिच्या तळपायाला टिचक्या मारत राहिली.

पोर वाचली. अंगात दुसरा काही दोष राहिला नाही. पण आठवड्यानं डॉक्टरांनी पाजायला परवानगी दिली तेव्हा वैशूनं अंगावरचं दूध धरलंच नाही. चमच्याची सवय झालेली. मंगलताईनं पंधरा दिवस प्रयत्न केला, मग तिचं दूधही आटत गेलं. ज्यांना हे किरकोळ वाटतं त्यांनी ते पंधरा दिवस पाहिलेले नाहीत.

हे दवाखान्यात रोज शाळा सुटल्यावर यायचे, डबा द्यायचे, जायचे. तिसऱ्या दिवशी जिन्यात थांबून म्हणाले, "माले बी सांगं नही तू?"

असोद्याला

मला विश्रांतीसाठी म्हणून माहेरी धाडलं. विश्रांती सहा महिने चालली. आबांना सगळं कळलं होतं. ते बागेतून आले की ओट्यावर बसायचे, जेवायला हाक मारावी लागायची. एकदा एवढंच म्हणाले, "तुह्या भल्यासाठी केलं होतं पोरी." मला त्यांचा राग यायला हवा होता, आला नाही. वयानं लहान असताना मी गप्प बसले तो त्यांचा दोष धरता येईल. अक्कांना 'द्या ना' म्हणाले तेव्हा मी लहान नव्हते.

सहा महिन्यांनी हे न्यायला आले. अक्कांनीच धाडलं होतं. येताना एसटीत, भर गर्दीत, ह्यांनी स्वतःहून विचारलं, "फिट आली तर काय करायचं असतं?" मी म्हटलं, कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, चप्पल हुंगवायची नाही. ते दोनदा घोकल्यासारखं म्हणाले. त्या दिवशी मला पहिल्यांदा लग्न झाल्यासारखं वाटलं.

मग मला दिवस गेले

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी तर ताकच सोडून दिलं. दिवस गेल्याचं कळलं त्या दिवसापासून मी गोळ्या बंद केल्या. कुणाला न विचारता. जी गोळी दुधातून वैशूला निजवते ती पोटातल्या जिवाचं काय करील, असा माझा हिशेब. पाचव्या महिन्यात धुणं वाळत घालताना फिट आली आणि मी फरशीवर पडले. ह्यांनी कुशीवर वळवलं. चप्पल कुणी काढली नाही.

वैशूचंही सगळं ऐकून बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाई माझ्यावर बरसल्या. "चालू करायची तर विचारत नाही, बंद करायची तरी विचारशील की नाही? तू पडलीस तर पोटातल्याला लागत नाही का?" दोन्ही वेळचा गुन्हा एकच होता, हे मला त्यांच्या टेबलासमोर बसून कळलं. विचारलं नाही, सांगितलं नाही. त्यांनी जळगावच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, किती आणि कशा ते त्या दोघांनी ठरवलं. या खेपेला पाकिटातल्या पाकिटातच, माझं नाव घालून.

मुलगा झाला. मी विचारलं, अंगावर पाजू का? त्या म्हणाल्या, "पाज. पण बाळावर नजर ठेव. सुस्त वाटला, ओढेनासा झाला, तर लगेच घेऊन ये. दर आठवड्याला वजन करायचं."

नजर ठेवायला मंगलताई बसली. मी बोलावलं नव्हतं. मी पाजायला घेतलं की ती हातातलं काम टाकून समोर पाटावर येऊन बसायची आणि बाळाच्या हनुवटीकडे एकटक बघायची, घोट जातो की नाही. कडेवर दीड वर्षाची वैशू. मध्येच मान वर करून मला म्हणायची, "लेस. चांगलं लेस." तिला जे करता आलं नाही ते माझं नीट होतंय ना, हे ती बघत होती. तिच्या जागी मी असते तर माझ्याच्यानं झालं नसतं.

एके दिवशी पोरगं पाजूनही रडत होतं. मी हलवत होते, थोपटत होते. मंगलताई म्हणाली, "रडू दे. रडस ते चांगलं शे."

मला राहवलं नाही. इतक्या दिवसांत मी तिची माफी मागितली नव्हती, धीरच होत नव्हता. म्हटलं, "ताई, माझं चुकलं."

तिनं वैशूच्या केसांतून हात फिरवला. मग शांतपणे म्हणाली, "तू माले एकलीले सांगं असतं ना, ते मी कोन्हाले सांगं नसतं. पोटमा ठेई लिधं असतं."

त्या मुलीला हेच सांगायचं आहे. बाळंतपणाआधीची दोन वर्षं मी आणि मंगलताई रोज एका चुलीशी बसत होतो. ती भाकरी थापायची, मी भाजायची. घरचे सगळे बाहेर असायचे. सांगायला एक भाकरी भाजण्याइतकाही वेळ लागला नसता.